जेवणाआधीची वाटी

विलासच्या घरात शिरताना माझा पाय कशाला तरी ठेचकाळला. खाली बघितलं तर आमचा खल. आईचा काळ्या दगडाचा खल, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून फरशीवर टेकवून ठेवलेला. आत धूळ, शर्टाचं एक बटण आणि विझलेली उदबत्तीची काडी. बत्ता कुठं आहे ते त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अरे, यात आई आलं ठेचायची," मी म्हटलं.

"आता मिक्सर आहे ना, आक्का," विलास म्हणाला. विलास माझा धाकटा भाऊ, सुप्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. "आणि दगड भारी आहे. दार अजिबात हलत नाही."

संगमनेरहून दोन एसट्या बदलून मी आले होते. पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडी नगर, अशा त्या गाड्यांमधून सगळा रस्ताभर मी कुणाशी तरी मनातल्या मनात भांडत होते. त्या भांडणाला आता तोंड मिळालं. खल उचलून मी नळाखाली धरला आणि विलासला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. तो बूट घालता घालता ऐकत राहिला आणि कंपनीत निघून गेला. त्याची बायको सुनंदा चहाचा कप घेऊन उभी होती.

आई आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. श्रावणात तिला ताप आला, पोळ्याला उतरला, पण तापाबरोबर तिची भूकही गेली ती परत आलीच नाही. गणपती झाले, पित्रं झाली, नवरात्र तोंडावर आलं, तरी बाईसाहेब दिवसभरात दोन घोट चहा आणि अर्धं बिस्कीट. हात धरला तर बांगडी कोपरापर्यंत वर गेली. सुप्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, वय झालंय, पण असं उपाशी ठेवता येणार नाही. सोमवारपर्यंत वाट बघा, नाहीतर नगरला भरती करा, नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडतील. मी आले तो दिवस शनिवार होता.

नळीचं आईच्या कानावर गेलं होतं. मला बघून ती पहिलं वाक्य तेच बोलली.

"मला येसन घालनार हायेत म्हनं."

"मग खा की चार घास. कोण घालतंय वेसण?"

"भूकच न्हाई तर काय खाऊ? उगी कोंबायचं का?"

सुनंदा माझ्यामागं उभी राहून सांगत होती, पेज केली, मुगाचं कढण केलं, शेवयाची खीर केली, रव्याचं पातळ केलं. "तुमीच बघा आता आक्का. माझ्या हातचं त्यांच्या नरड्याखाली उतरंना." मला तिचाही राग आला. वाटलं, हिला जमत नाही, हिला आईच्या तोंडाची चव कळतच नाही. ती मला कळते, याची मला एवढी खात्री होती की मी पदर खोचला आणि तिला स्वयंपाकघरातून जवळजवळ बाहेरच काढलं. आईला भूक कशानं लागते, ते मला लहानपणापासून पाठ होतं.

ते म्हणजे 'आधीचं'.

आमच्या घरात एका पदार्थाला हे एवढंच नाव होतं. पान वाढायच्या आधी यायचं म्हणून आधीचं. ते आमच्या तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, घरात आणलं. तात्या भिंगारच्या बाजारात एका वैद्यांकडे पुड्या बांधायचे. वैद्य आत रोग्याची नाडी बघत, तात्या पडद्याबाहेर बसून सुंठ, पिंपळी, हिरडा कागदात गुंडाळत आणि आतलं सगळं बोलणं कान देऊन ऐकत. ऐकून ऐकून ते अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले. गल्लीत कुणाचं पोट दुखलं की तात्या सल्ला द्यायला हजर. घरी आले की त्यांची भाषाच बदलायची. आम्ही म्हणायचो भूक, ते म्हणायचे अग्नी. आज अग्नी मंद आहे. आज अग्नी विषम आहे. जसा काही त्यांच्या पोटात यज्ञ चाललेला आणि आम्ही सगळे समिधा गोळा करणारे.

दवाखान्यामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी छावणीतून बिगुल ऐकू यायचा, दुपारी लष्करी गाड्या गेल्या की फळीवरचे डबे किणकिणायचे. बरोबर एक वाजता तात्या यायचे. पायांवर पाणी घ्यायचे, पाटावर बसायचे, उजवा हात मांडीवर उलटा ठेवायचे आणि म्हणायचे, "आधीचं आण." त्यांच्या शेजारच्या पाटावर विलास बसायचा आणि त्यांच्यासारखाच हात ठेवायचा. चार वर्षांचा असल्यापासून.

आधीचं करायला आई अकरापासून लागायची. मुगाची डाळ दोन तास भिजवायची, तेवढीच. जास्त भिजली की वात करते असं तात्यांचं म्हणणं. डाळ नखानं तुटली पाहिजे पण पीठ होता कामा नये. आलं बाजारातून ओल्या मातीसकट यायचं. आई ते सुरीनं सोलायची नाही, चमच्याच्या कडेनं खरवडायची, म्हणजे साल तेवढीच निघते. मग केसासारखे काप. त्यावर सैंधव आणि लिंबू पिळून ती वाटी झाकून ठेवायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. थोड्या वेळानं झाकण काढलं की आल्याला फिकट गुलाबी रंग चढलेला असायचा. तो रंग बघून तिला कळायचं की मीठ बरोबर बसलं. मग भाजलेलं जिरं खलात भरडायचं, थेंबभर तुपात हिंग फुलवायचा, सगळं एकत्र करायचं, वर कोथिंबीर. हिंग तुपात पडला की शेजारच्या घरातली माणसंसुद्धा म्हणायची, तात्यांचं आधीचं झालं बरं का.

प्रत्येक ऋतूला ते वेगळं असायचं. पावसाळ्यात आलं जास्त, वर मिरपूड, कारण अग्नी निवलेला. थंडीत खरं तर याची गरजच नाही, भूक आपणहून लागते, हे तात्याच सांगायचे आणि तरीही मागायचे. उन्हाळ्यात आलं नावापुरतं, काकडी चोचवून घालायची, पुदिन्याची चार पानं. आणि या दिवसांत, आश्विनाच्या उन्हात, पित्ताचे दिवस म्हणून आलं अगदी कमी, त्याऐवजी राहुरीकडून आलेल्या डाळिंबाचे दाणे आणि भरडलेले धने. डाळिंब फोडायचं काम माझं. माझी बोटं काळी पडायची आणि फ्रॉकवर पडलेले डाग कधीच जायचे नाहीत. ते काळे डाग, ओल्या आल्याची माती, तुपात फुलणारा हिंग आणि एक वाजताचं पांढरं ऊन हे सगळं मिळून माझं बालपण आहे. त्या वासानं अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि आता ते सुटलं की मला स्वतःचाच संताप येतो.

मापही ठरलेलं होतं. खाणाऱ्याच्या तळहाताच्या खळग्यात मावेल तेवढंच, त्याहून एक दाणा जास्त नाही. भूक लावायची आहे, भरायची नाही. तात्या तळहात पुढं करायचे, आई वाटीतून मोजून घालायची. मग विलासचा तळहात. मग माझा.

माझा, मी बारा वर्षांची होईपर्यंत. एके दिवशी मी पाटावर बसले, हात पुढं केला आणि तात्या म्हणाले, "आता हिला नको. मोठी झाली. बायकांचा अग्नी मुळातच तीव्र असतो, त्यांना आल्याची गरज नाही." आईनं वाटी झाकली. मी हात मागं घेतला. त्या दिवसापासून मी पाटावरून उठून आईबरोबर चुलीपाशी बसायला लागले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वैद्यांकडचं शास्त्र होतं ते. शास्त्रापुढं कोण बोलणार?

तर त्या शनिवारी दुपारी मी सुनंदाच्या ओट्यावर हे सगळं मांडलं. डाळिंब मी एसटी स्टँडवरूनच घेतलं होतं. आईला दात मोजकेच उरलेत म्हणून डाळ जरा जास्त भिजवली, आल्याचे काप न करता किसून रस काढला, डाळ खलात घालून वरवंट्याच्या टोकानं हलकेच दडपली. बत्ता नव्हता म्हणून वरवंटा. डाळिंबाचे दाणे पिळून त्यांचाही रस घातला. धने, जिरं, सैंधव, लिंबू. तुपात हिंग फुलला तेव्हा सुनंदा दारातून म्हणाली, "किती भारी वास येतोय." मी तिला म्हटलं, शिकून घे. असं म्हटलं मी. मला आठवतंय.

वाटी घेऊन आईपाशी गेले. तिला उठवून पाठीला उशी दिली. वासानं तिचे डोळे उघडले, आणि मला वाटलं जिंकले.

"आधीचं केलंस व्हय?" ती म्हणाली. "धनं भरडलंस का? आलं थोडंच घातलंस न्हवं? आता पित्ताचं दिस हायेत."

"सगळं तुझ्यासारखं केलंय. आ कर."

तिनं ओठ मिटून घेतले. मी चमचा पुढं नेला, तिनं मान फिरवली. मी मान धरली, तिनं माझा हात धरला. एवढ्या वाळलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"इलास यिऊ दे."

"विलास कंपनीत आहे. तुझ्यासाठी केलंय मी."

"यिऊ दे म्हन्ते ना. झाकून ठेव."

मी झाकून ठेवलं. सहा वाजता विलास आला, हातपाय धुतले, आईच्या खोलीत डोकावला, वाटीवरचं झाकण उचललं आणि त्याचा चेहरा चार वर्षांच्या पोरासारखा झाला. "आधीचं!" तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत चमच्यानं अर्धी वाटी संपवली. आई उशीवरून त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"एक नंबर. तुझ्यासारखंच."

"मीठ?"

"बरोबर आहे."

ती समाधानानं मागं टेकली. तिचं काम झालं होतं. मला मात्र असं काही झालं की मी वाटी विलासच्या हातातून हिसकावून घेतली. "अरे, तिच्यासाठी होतं ते! परवा तिच्या नाकात नळी जाणार आहे आणि तू ओरपतोयस? तुला कुणी वाढलं होतं?" विलास ओशाळला, म्हणाला, मला काय माहीत, झाकून ठेवलेलं दिसलं. ते खरंच होतं. आमच्या घरात जे झाकून ठेवलेलं असतं ते पुरुषांसाठी असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि सांगायची गरजही पडली नव्हती. मी उरलेली अर्धी वाटी आईच्या तोंडाशी नेली. म्हटलं, आता तर तो जेवला, आता तर खा.

"नगं गं. मला काय म्हाईत त्याची चव."

मला वाटलं ती भ्रमात बोलतेय. "अगं, तू जन्मभर केलंस हे."

"केलं. खाल्लं कुटं? आमाला नसतंय ते. तात्या म्हनायचे न्हाई का."

"चाखत तरी असशील? मीठ कमी-जास्त बघायला?"

"चाखलं तर भूक लागती," आई म्हणाली. अगदी सरळ, जसं पाण्यात हात घातला तर हात ओला होतो असं सांगावं. "आन् मंग तीन वाजंपतूर काय करायचं?"

मी वाटी घेऊन ओट्यापाशी आले आणि तिथंच उभी राहिले. तीन वाजेपर्यंत. तात्या एकला बसायचे, दीडला उठायचे. मग विलासची शाळा, मग तात्यांची झोप, मग मागचं आवरणं, मग आईचं पान. पीठ ठरलेलं असायचं. आधीचं खाऊन ज्यांचा अग्नी पेटलेला असायचा त्यांच्या पोटात एखादी भाकरी जास्त जायची आणि ती आईच्या टोपलीतून कमी व्हायची. ती टोपलीत बघायची, घटाघटा पाणी प्यायची आणि म्हणायची, माझी भूक मोडली बाई आता. रोज. दोन तास खपून दुसऱ्याची भूक लावायची आणि स्वतःची मोडायची, हा तिचा दिनक्रम होता, आणि मी त्याच्या वासाला बालपण म्हणते.

तात्या तसे वाईट नव्हते, असं इथं म्हणायची पद्धत आहे. मी नाही म्हणणार. त्यांनी आईवर कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही, दवाखान्यातून येताना तिच्या गुडघ्यांसाठी तेल आणायचे. आणि रोज दुपारी एक वाजता तिच्यासमोर बसून तिची भाकरी खायचे. ऐंशी वर्षांचे होऊन, शेवटच्या दिवसापर्यंत व्यवस्थित जेवून ते गेले. गल्लीत लोक म्हणाले, बघा, आहार कसा असावा.

संगमनेरला मला पित्ताचा त्रास सुरू झाला तेव्हा मी एका तरुण वैद्यबाईंकडे गेले होते. बोलता बोलता मी मोठ्या अभिमानानं तात्यांचं ते वाक्य सांगितलं. त्या पोरीनं लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. "असं कुठंही नाही हो काकू. ज्याला भूक लागत नाही त्यानं आलं खावं, ज्याला पित्त आहे त्यानं टाळावं. यात बाई आणि बुवा कुठून आले?" मी तेव्हा हसले. म्हटलं, तात्यांनी पडद्याआडून अर्धवट ऐकलं असणार, कुणा एका बाईला वैद्यांनी सांगितलेलं सगळ्यांना लावलं असणार. गंमत म्हणून घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं. ती गंमत नव्हती हे मला कळायला आईला ओठ मिटून घ्यावे लागले.

आणि एक गोष्ट मी आतापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. बारा वर्षांची झाल्यावर मला आधीचं मिळायचं बंद झालं खरं, पण पूर्ण नाही. वाटी बाहेर गेली की खलाच्या तळाशी, बत्त्याच्या टोकाला थोडं चिकटलेलं राहायचं. आई खल माझ्यापुढं सरकवायची, तोंडानं काही न बोलता. मी बोटानं पुसून पुसून चाटायची. जिऱ्याचा भरडा, मिठाचं पाणी, डाळीचे चार कण. इतकं गोड मला नंतर काही लागलं नाही. मी त्याला आमचं गुपित समजायची. खलात उरलेलं ते बोटभर हाच आईचा एकुलता एक वाटा होता आणि तो मी लग्न होऊन जाईपर्यंत रोज चाटून खाल्ला. चाख तू पण, असं मी एकदाही म्हटलं नाही. मग राग कुणावर काढू? विलासवर काढला, कारण तो समोर होता.

रविवारी विलासला सुट्टी होती. सकाळीच मी त्याला सांगितलं, आज आई आधी जेवेल, तिच्यानंतर आपण. तोवर तू पाटावर नाही, खुर्चीवर नाही, कुठंच बसायचं नाही. तो म्हणाला, अगं पण ती खाणार नाही अशानं, तिचा स्वभाव तुला माहीत नाही का. मी म्हटलं, तिचा स्वभाव नाही तो, तुमची सोय आहे. सुनंदा परात काढून भाकरीचं पीठ मळत होती. तिचा हात एक क्षण थांबला आणि परत चालू झाला.

परत सगळं केलं. डाळ, धने, डाळिंब, हिंग. आईला दोघांनी धरून बाहेरच्या खोलीत आणलं आणि मधोमध बसवलं. तिला ते मुळीच आवडलं नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढत ती भिंतीकडं सरकायला बघत होती, चारचौघांत कपडे कमी पडल्यासारखी.

"हात पुढं कर," मी म्हटलं.

"आक्का, उगा येड्यावानी करू नगंस."

"कर म्हणते ना."

"इलासला दे पयलं."

"विलासला आज नाही. विलासचा अग्नी लई तीव्र झालाय," मी म्हटलं. विलास खाली मान घालून दाराशी उभा होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, तू खा," तो म्हणाला. "मी काल तुझं खाल्लं. आज तू खाल्ल्याशिवाय मी जेवत नाही."

ही धमकी तिला कळली. तो उपाशी राहील ही कल्पना तिच्या पचनी पडणारी नव्हती. तिनं हात पुढं केला. तळहाताला खळगा राहिलाच नव्हता, नुसती हाडं आणि सुरकुत्या. मी त्यावर चमचाभर आधीचं ठेवलं. ती बराच वेळ नुसती बघत बसली. मग भीत भीत तोंडात टाकलं.

तिचे गाल हलले. डोळे बारीक झाले. आल्याची झोंब लागली, लिंबानं दात आंबले, तिनं चेहरा वाकडा केला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. मला वाटलं ती आता रडेल, आणि मग मीही रडून घेईन.

"हे व्हय?" ती म्हणाली.

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

"आगं बया," आई म्हणाली. "मला वाटायचं काय की आसंल. त्ये डोळं मिटून खायचे, मला वाटायचं आम्रुत आसंल. ही तर नुसती डाळ हाय की गं." आणि मग तिचा आवाज चढला. पक्षपंधरवड्यापासून कुजबुजणारी माझी आई मोठ्यानं ओरडली. "आन् ह्याच्यापायी तीन-तीन वाजंपतूर बसवलं व्हय मला? ह्या डाळीपायी? मेली माझी सारी जिंदगी आलं खरवडन्यात गेली!"

तिनं उरलेली वाटी ढकलून दिली. ती कलंडली, डाळ फरशीवर सांडली. विलास उचलायला वाकला तर ती त्याच्यावर खेकसली, ऱ्हाऊ दे. मग माझ्याकडं वळली. तिचे डोळे लाल झाले होते, पण त्यात पाणी नव्हतं. राग होता. अस्सल, पिकलेला, तिचा स्वतःचा राग. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा रागावलेली बघत होते आणि मला इतकं बरं वाटलं की ते शब्दांत सांगता यायचं नाही.

"भाकर हाय का?" तिनं विचारलं. "का तीबी मागनंच मिळायची?"

सुनंदा धावत आली. तव्यावरची गरम बाजरीची भाकरी, वर तूप, वाटीत मुगाचं वरण. आईनं भाकरी बोटांनी चुरली, वरण ओतलं, कालवलं. पहिला घास तोंडात गेला. दुसरा. विलास मोजत होता हे मला त्याच्या ओठांवरून कळत होतं. मीही मोजत होते. तिसऱ्या घासाला तिनं तूप मागितलं. पाचव्याला ती म्हणाली, वरणात मीठ कमी हाय, आणि विलास हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला. त्यानं डोळे पुसले. आता नळीची गरज नाही, डॉक्टरांना फोन करून सांगू, असं तो मला म्हणाला. सुनंदानं दुसरी भाकरी आणून ठेवली, आमच्यासाठी ताटं मांडली, पाण्याचे तांबे ठेवले आणि आत गेली. मी आणि विलास आईच्या दोन बाजूंना बसलो. मला कडकडून भूक लागली होती. मी भाकरीचा तुकडा मोडला.

आई घास तोंडाशी नेता नेता थांबली.

"सुनंदा जेवली का?"

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी विलासकडं. शनिवारी सकाळी मी या घरात आले. तेव्हापासून दोनदा जेवले, नाश्ता केला, किती चहा प्याले त्याचा हिशेब नाही. प्रत्येक ताट सुनंदानं पुढं ठेवलं. ती कधी जेवली, काय जेवली, तिच्यासाठी काय उरलं, मला काहीही आठवेना, कारण मी बघितलंच नव्हतं. मी खलाबद्दल बोलत होते. मी तात्यांबद्दल बोलत होते.

"जेवली असेल की," विलास म्हणाला.

आईनं हातातला घास ताटात ठेवला.

"आसंल नगं," ती म्हणाली. "इचारून ये. तवर मी खात न्हाई."

विलास उठला नाही. तो माझ्याकडंच बघत राहिला, आणि मी माझ्या हातातल्या भाकरीच्या तुकड्याकडं.